वनस्पतिविष आणि प्रतिजैविके



शाळेच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला अनेक गावी दिसतो. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. म्हणून मुले त्या खातात आणि थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा व जुलाब सुरू होतात. असे प्रसंग महाराष्ट्रात पुनःपुन्हा घडलेले आहेत. अशा वेळी घरातील उरलेली प्रतिजैविकाची गोळी मुलाला देण्याचा मोह पालकांना होतो. तो का टाळावा, हे शिक्षकाने जाणले पाहिजे.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि जंतुजन्य रोगांवर मोठे साधन हाती आले. परंतु प्रतिजैविक जिवंत जंतूंवर चालते. बीमधील विष हा जंतू नव्हे. ते मारता येत नाही. मोगली एरंडाच्या बाधेत मुख्य उपचार शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याचा असतो. उलटी फुप्फुसात जाऊन तेथे जंतुसंसर्ग झाल्यास डॉक्टर प्रतिजैविक देतात. पण तो उपचार संसर्गावरचा, विषावरचा नव्हे.

जनावरांचेही तसेच आहे. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाल्ल्यास पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि रक्तातील प्राणवायू पेशींना वापरता येत नाही. जनावर काही मिनिटांतही दगावते. त्यावर पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. तोंडावाटे दिलेले प्रतिजैविक मात्र चारा पचविणारे पोटातील उपकारक जंतूच मारते.

मुलाने विषारी बी खाल्ल्याचे कळताच तोंडातील अवशेष काढावेत व मूल शुद्धीवर असल्यास चूळ भरवावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. बी किंवा पान जवळ ठेवावे, केव्हा व किती खाल्ले ते टिपावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जनावरासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

धोतरा, कण्हेर, गुंज व मोगली एरंड यांची ओळख परिसर अभ्यासाच्या तासाला हात न लावता करून द्यावी. गोळी शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही, हे मुलांमार्फत घरोघर पोहोचले, तर एखादा जीव निश्चित वाचेल.