जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या वाड्याच्या परसात, चिंचेच्या झाडाखाली, ताडपत्रीने झाकलेली एखादी मोटार आजही क्वचित दृष्टीस पडते. टायर जमिनीत रुतलेले, काचेवर धुळीचा थर, आणि बैठकीच्या गादीत उंदरांनी थाटलेला संसार! आजोबांच्या हौसेची ती खूण नातवाला एके दिवशी स्वस्थ बसू देत नाही आणि सुटीच्या दिवशी घरच्या घरी हिला चालती करावी असे त्याच्या मनात येते. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरील बोरगावसारख्या गावी हा छंद अगदीच अशक्य कोटीतला नाही. सौंसर तालुक्यातील या गावी औद्योगिक वसाहत असल्यामुळे लेथ, वेल्डिंग, फिटर हे शब्द तेथील घरांना परके नाहीत. आणि मोठ्या शहरात दुर्मिळ झालेली मोकळी जागा तर तेथे आहेच.

मोटार हाती घेतली की जो तो विचारतो, "ही चालेल का?" वस्तुतः पहिला प्रश्न निराळा असावयास हवा. मोटार होती तशी करावयाची, की आपल्याला हवी तशी? हेमाडपंती देवळाच्या दगडावर तैलरंग चढवून खाली चकचकीत फरशी घातली, तर देऊळ स्वच्छ दिसते खरे. परंतु पाहणाऱ्याला तेथे आता जुने काही उरलेले नसते. मोटारीचेही तसेच आहे. जुन्या मोटारीत नवे एंजिन, रुंद चाके, विमानातल्यासारख्या खुर्च्या बसविल्या म्हणजे जे तयार होते ते कदाचित देखणे असेल. पण त्याला जीर्णोद्धार म्हणणे कठीण.

आपल्याकडील अशा मोटारींत फियाटचा वाटा मोठा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली ती १९५४ च्या सुमारास. तिच्या गुबगुबीत आकारावरून मुंबईकरांनी तिचे नाव 'डुक्कर फियाट' असे ठेवले, आणि त्या नावात तुच्छतेपेक्षा मायाच अधिक होती. १९६४ साली डिलाइट आली. पुढे १९७४ पासून तिचाच अवतार प्रीमिअर पद्मिनी म्हणून विकला जाऊ लागला. चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे एंजिन आणि स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला गिअरचा दांडा, ही या घराण्याची ओळख. एकच घडण तीन दशकांहून अधिक काळ टिकल्यामुळे डिलाइटला पद्मिनीचे पुष्कळ भाग लागतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिने रस्त्याचा निरोप घेतला. इतक्या टॅक्सी गेल्यावर त्यांच्या सुट्या भागांचा बाजारही आटावा, हे ओघानेच आले. म्हणून मूळचा भाग कितीही झिजलेला असला तरी तो भंगारात टाकण्याची घाई करू नये.

भाग मिळत नाही, पेट्रोल महाग पडते, मग डिझेलचे एंजिन का बसवू नये, असा मोह अनेकांना झाला आहे. येथे कायदा आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजाविले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटली असतील आणि सांगाडा, पत्र्याचे अंग व एंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल, तर अशी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार. मात्र ती प्रदर्शनाला, शर्यतीवजा मेळाव्याला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरावयास न्यावी. रोजच्या वापरासाठी नव्हे. सौंसरच्या बाजाराला दर आठवड्यास तिच्यातूनच जावयाचे असेल, तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घेतलेली बरी. आणखी एक अडचण सीमेवरच्या माणसालाच कळेल. १९५६ पर्यंत नागपूर व छिंदवाडा एकाच राज्यात होती. आता नागपुरात घेतलेली मोटार बोरगावी कायम ठेवावयाची तर ना-हरकत दाखला आणून बारा महिन्यांच्या आत मध्य प्रदेशचा क्रमांक घ्यावा लागतो.

कौशल्य आणि कायदा यांची गाठ कशी पडते, याचे ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी घडले. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामान जमवून, फटफटीसारखी लाथ मारून सुरू होणारी एक छोटी जीप घडविली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. त्याच वेळी, नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडविली जाईल, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. लोहारांच्या हातात कला होती, यात शंका नाही. पण प्रत्येकाला अशी बदली देणारा भेटतोच असे नाही.

तथापि, काहीच बदलू नये असा हट्टही चुकीचा ठरेल, कारण मोटारीभोवतीचे जग बदलले आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जुन्या एंजिनात बीडाच्या बैठकींवर व्हॉल्व्ह आपटत, तेव्हा पेट्रोलातील शिसे त्यांना झिजू देत नसे. आता त्या जागी कठीण पोलादाची कडी ठोकून बसवावी लागतात. पुढे २०२५ पर्यंत पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आले. ते हवेतील पाणी ओढून घेते, टाकीला आतून गंज चढविते आणि जुने रबर फुगवून भेगाळते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. कुरकुरीत झालेली वायरिंग बदलून जादा फ्यूज घालावेत, पट्टे बसवावेत. हे बदल बाहेरून दिसत नाहीत आणि यांतील बहुतेक पुन्हा काढताही येतात. बदल करावयाचाच तर तो असा असावा. काढलेला मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवणारा गृहस्थ पुढच्या मालकावर केवढे उपकार करीत असतो!

प्रत्यक्ष कामात धीर हेच मुख्य हत्यार. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या एंजिनाला धक्का मारून सुरू करू पाहणे म्हणजे रिंगा मोडून घेणे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे, चारआठ दिवस तसेच राहू द्यावे आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. खोलण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, कारण तीन महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पत्र्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. फियाटला जीपसारखा वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याचे अंगच सारा भार पेलते. दारांखालच्या पट्ट्या व पायाखालचा तळ गंजला, तर वर रंग कितीही झळझळीत असो, अपघातात ती मोटार कागदासारखी मिटेल. लोहचुंबक फिरवून पाहावे. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे खुशाल समजावे. हे काम चांगल्या वेल्डरकडेच सोपवावे. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये आणि विटांवर तर मुळीच नाही. पक्के लोखंडी घोडे लावावेत.

रंगाचे काम घरी करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा न घासता पाणी मारून घासावा आणि मुलांना त्या अंगणातून दूर ठेवावे. हल्लीच्या टिकाऊ, कडक करणारे द्रव्य मिसळावयाच्या रंगांचा फवारा फुप्फुसांना घातक असतो. नाकाला रुमाल बांधून तो अडत नाही. तो मुलखातल्या एखाद्या बंदिस्त रंगगृहातच मारून घ्यावा. जुन्या पद्धतीचा लॅकर रंग घरी मारावयाचा असला तरी पावसाळ्यात मुळीच मारू नये, दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक येते. बोरगावकडे दिवाळी आटोपली की हवा कोरडी होते, ऊनही सौम्य असते. तोपर्यंत दारे, बॉनेट आणि डिकी अस्तराच्या रंगात तशीच छपरीत उभी राहू द्यावीत.