शत्रूशी वागणूक



शत्रूवरही प्रीती करावी ही येशू ख्रिस्ताची शिकवण ऐकावयास गोड, पण आचरावयास कठीण. आम्ही कामगारांत काम करणारी माणसे. आम्हांला नेहमी विचारतात, 'संप फोडणाऱ्यावरही प्रीती करायची काय?' याचे उत्तर आम्हांला जोतीराव फुल्यांच्या चरित्रात सापडते.

जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण ही शिकवण त्यांनी आचरून दाखविली. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांसाठीही काढल्या. विरोधक चवताळले. १८५६ साली एका रात्री रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार हे दोघे मारेकरी त्यांच्या घरात शिरले. चरित्रकार सांगतात की, हे दोघे पैशासाठी आले आहेत असे कळताच जोतीरावांनी आपली मान पुढे केली. गरिबाचे भले होत असेल तर खुशाल मारा, म्हणाले. दोघांनी पाय धरले. रोडे त्यांचा रखवालदार झाला. धोंडीराम शिकून पंडित झाला आणि सत्यशोधकांच्या कार्यास लागला.

यातली मेख ध्यानात घ्या. जोतीरावांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पण शाळांचे काम सोडले नाही. आपल्या जवळा बाजारात उद्या एखादा हमाल कमी मजुरीवर पोती उचलावयास आला, तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. त्याच्या घरी चूल पेटली आहे काय, ते आधी पाहा. त्याला आपल्यात बसवा, हिशेब समजावून द्या. मजुरीचा दर मात्र एका पैशानेही खाली येऊ देऊ नका.