ऐकत नाही, की ऐकू येत नाही?



माझा धाकटा भाऊ लहानपणी कितीही हाका मारल्या तरी वळून पाहत नसे. ‘हा ऐकत नाही,’ असे घरी आणि शाळेत सर्वांनी ठरवून टाकले. त्यापायी त्याने मारही खाल्ला. पुढे तपासणीत कळले, की त्याच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते. हट्टी मूल आणि बहिरेपण आलेले मूल, दोघांविषयी आपण मराठीत ‘ऐकत नाही’ असेच म्हणतो. हा भेद ओळखण्याची विद्या जर्मनीत कशी वाढली, ते आज आपणांस सांगावे अशी इच्छा आहे.

ध्वनीने पडदा थरथरतो आणि त्यामागील हवेच्या पोकळीतील तीन चिमुकली हाडे ते कंपन अंतर्कर्णाकडे पोहोचवतात. ही पोकळी म्हणजे मध्यकर्ण. येथील पुष्कळ दोष उपचाराने बरे होतात. म्हणून दोष येथे आहे की याच्या पलीकडे, हे प्रथम ठरवावे लागते. १८५५ साली हाइनरिख रिने या जर्मन वैद्यांनी त्यासाठी नादकाट्याची चाचणी सांगितली. नादकाटा आज कानामागच्या हाडावर टेकवतात आणि तेथील नाद विरला की कानासमोर धरतात. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो. मध्यकर्ण बिघडला असल्यास बहुधा येत नाही. परंतु येथे उत्तर रोग्यानेच द्यावयाचे असते. भेदरलेले लेकरू काय उत्तर देणार?

१८६७ साली बर्लिनचे कर्णवैद्य ऑगस्ट लुत्से यांनी निराळा मार्ग धरला. कानात सोडलेल्या ध्वनीपैकी किती ध्वनी पडद्यावरून परत येतो, हे दोन्ही कानांची तुलना करून ऐकण्याचे साधन त्यांनी बनवले. प्रश्न आता रोग्याला नव्हे, पडद्यालाच विचारला जात होता. मात्र तो परतलेला ध्वनी जोखणारा कान वैद्याचाच होता. १९४६ साली डेन्मार्कमध्ये ऑटो मेट्झ यांनी हे मापन निरोगी व रोगी कानांवर आकड्यांत मांडले.

आज कानात मऊ बोंडी बसवून हवेचा दाब कमीअधिक करतात आणि बारीक सूर सोडतात. काही क्षणांतच आलेख उमटतो. पडदा मोकळा हलत असेल तर त्यात टेकडीसारखा उंचवटा दिसतो. मागे पाणी असेल तर रेषा बहुधा सपाट राहते. मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. मात्र ही तपासणी मध्यकर्णाची आहे, श्रवणशक्तीची नव्हे. आलेख चांगला आला तरी अंतर्कर्णात दोष असू शकतो. म्हणून श्रवणचाचणीही करून घ्यावी.

माझ्या भावाच्या कानातले पाणी निघाले. खाल्लेला मार मात्र कोणाला परत घेता आला नाही.

तेव्हा सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावरून कोणाचे ‘आमेन’ उशिरा आले, किंवा घरात लेकराने हाकेला ओ दिली नाही, तर रागावण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.