बाळाचा डोळा आणि आजीचं बोट

कूलरसमोरच्या खुर्च्या पटकावलेल्या भाग्यवंतांनो! (हशा)

आसवांची ग्रंथी, पापण्यांच्या कोपऱ्यातली छिद्रं, पिशवी, तिथून नाकात उतरणारी नळी. हे सगळं शाळेत झालंय, सोडून देतो. नवजात बाळांपैकी शंभरात पाच ते वीस जणांची ही नळी खालच्या टोकाला पातळ पडद्याने बंद असते. डोळा सतत पाणावतो, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. घरचे थेंब मागतात. मी म्हणतो, मालिश करायला आजींना बोलवा.

अमेरिकेतल्या क्रिग्लर यांनी 1923 साली ही मालिश छापून ठेवली. नखं कापा, हात धुवा. तर्जनी डोळा आणि नाकाच्या मधल्या कोपऱ्यात टेकवा, दाबा आणि दाब न सोडता नाकाच्या कडेने खाली आणा. पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. आतल्या पाण्याचा दाब पडद्यावर पडतो आणि तो उघडतो. बहुतेक लोक काय करतात? पोळीला तूप लावावं तसा गाल चोळतात!

मागून कुणी म्हणतंय, “ते आपोआपही बरं होतं.” होतं ना! शंभरातली नव्वदेक बाळं वर्षाच्या आत बरी होतात. म्हणूनच मी पहिल्याच महिन्यात पडदा उघडायला नळीत सळई घाला म्हणत नाही. वर्ष उलटूनही पाणी थांबलं नाही, तर भूल देऊन नळीतून बारीक सळई फिरवायची. पण तोवर मालिश करायचीच, यावर मी हटणार नाही.

आजी, तुमचा हात दिसला. “आम्ही काजळ घातलं, पोरं काय आंधळी झाली?” नाही झाली. पण काजळाने छिद्रं बुजतात, सुरम्यात तर शिसं असतं. मात्र काजळ घालताना तुमचं बोट जितकं अचूक जातं, तितकं माझ्या शिकाऊ डॉक्टरांचंही जात नाही. तेच बोट हवंय, काजळाशिवाय. (टाळ्या)

आता मोठ्यांचं लासरू, म्हणजे नळी तुंबून पिशवीत पू साचणं. मोतीबिंदूच्या शिबिरात आम्ही छिद्रातून पिचकारीने पाणी सोडतो आणि विचारतो, घशात खारट लागलं का? एका बाबांनी झोकात “हो” म्हटलं. पाणी गालावरून ओघळून सदऱ्यात शिरत होतं! त्यांना वाटलं, नाही म्हटलं तर घरी पाठवतील. पाठवलं नाही, पण मोतीबिंदू थांबवला. पिशवीतला पू ऑपरेशन झालेल्या डोळ्यात शिरला, तर डोळाच जातो. बाबा रुसले, जेवले नाहीत, मग सुनेने...

घंटा? बरं, सुनेचं राहू द्या, लासरूवरचा उपाय सांगतो. 1904 साली इटलीत तोती यांनी हाडाला खिडकी पाडून पिशवी नाकात उघडली. आजचं डीसीआर हे ऑपरेशन त्यातूनच आलं. आता ते नाकातून दुर्बिणीनेही होतं, चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

मालिशवर शंका असेल त्यांनी चहाच्या वेळी गाठा. बाळाचा कोपरा लाल होऊन सुजला किंवा ताप आला, तर मात्र मालिश बंद, चहाही नको. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.