बाहुलीचं लुगडं आणि आपला हिशोब

(प्रभागसंघाच्या महिला मेळाव्यात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



दरवेळी मी तुमच्यासमोर येते ती रजिस्टर, हप्ते आणि बँक लिंकेज घेऊन. आज अध्यक्षताई म्हणाल्या, "तुझ्या त्या बाहुल्यांचं बोल." म्हणून ही पिशवी आणलीय. यात तीन बाहुल्या आहेत. हसा खुशाल, माझी आईसुद्धा हसते.

मी सातवीत होते. जत्रेतून आणलेली एक बाहुली होती माझ्याकडे. पाळी सुरू झाली आणि आत्याने ती शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकली. "आता मोठी झालीस," म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. पुढे एमएसडब्ल्यूला शहरात असताना जुन्या बाजारात एक बाहुली दिसली. केसांचा गुंता, अंगावर कपडा नाही. 20 रुपयांना घेतली. आज माझ्याकडे 21 आहेत.

ही बार्बी. अमेरिकेत 9 मार्च 1959 ला ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. काढली एका बाईने, रूथ हँडलर यांनी. त्यांची मुलगी बार्बरा कागदाच्या मोठ्या बायकांच्या बाहुल्यांशी खेळायची, त्यावरून त्यांना सुचलं. तोवर मुलींच्या हातात बहुतेक तान्ह्या बाळाच्या बाहुल्या असायच्या. जर्मनीत लिली नावाची मोठ्या बाईसारखी बाहुली मिळायची, ती त्यांनी परदेशात असताना पाहिली. मग बार्बी तयार झाली, मुलीच्याच नावाची. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन या बाईंनी डिझाईन केले आणि ते शिवले जपानमध्ये, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. एवढ्याशा झग्याला अस्तर, चेन, बारीक बटणं! नाव कंपनीचं झालं. त्या शिवणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत.

आता शिवण्याचं सांगते. बार्बी साडेअकरा इंच, म्हणजे 29 सेंटिमीटर. माणसाच्या साधारण सहाव्या हिश्श्याची. मग आपली साडेपाच मीटरची साडी तिला किती लागेल? सहाने भागा, 92 सेंटिमीटर. पन्हा 19 सेंटिमीटर. मीटरभर कापडात चार साड्या आरामात निघतात. नऊवारीला 137 सेंटिमीटर लागतं, ते जुन्या ओढणीतून काढायचं.

पण गंमत अशी की माप लहान होतं, सूत लहान होत नाही. मी पहिली नऊवारी नव्या सुती कापडाची नेसवली. काष्ट्याचा असा बोळा झाला की बाहुलीला बसताच येईना. मी पेपर कटिंग बदलत बसले. शेवटी आपल्या एका गटातल्या आक्का म्हणाल्या, "पोरी, कापड बदल. विरलेलं पातळ घे." त्यांनी चारच निऱ्या घेतल्या, दोऱ्याने एक टाका मारला, काष्टा बरोबर बसला. माझी पदवी तिथे काही कामाला आली नाही.

करून बघणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मशीनचा टाका बारीक ठेवा. ब्लाउजची बाही आधी सपाट जोडा, बाजूची शिवण नंतर मारा, नाहीतर एवढ्याशा भोकात बोट जात नाही. मागे हुकाऐवजी छोटं टिचबटण लावा. आणि गडद कापड रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, कारण लाल-काळा रंग बाहुलीच्या प्लास्टिकमध्ये मुरतो आणि सहज निघत नाही.

जुनी बाहुली घेताना फसू नका. पाठीवर 1966 दिसलं की विकणारा सांगतो, "साठ वर्षांची आहे." तसं नसतं. ते साल त्या साच्याच्या हक्काचं असतं. तोच छाप नंतर कितीतरी वर्षं वापरला गेला. मीही एकदा त्या आकड्यापायी 400 रुपये घालवलेत.

आता माझी चूक सांगते, खरं तर त्यासाठीच उभी राहिले.

माझं बघून आपल्या पाच जणी तयार झाल्या. मीच म्हणाले, "घरबसल्या कमाई होईल." हिशोब केला नव्हता. गटातून 10,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज घ्यायचं ठरत होतं. ठरावाच्या वेळी आक्काच उठल्या. म्हणाल्या, "आधी दहा शिवून विकून दाखवा. घड्याळ लावून शिवा."

दहा सेट शिवले. साडी, ब्लाउज, परकर. एका सेटला सामान 16 रुपयांचं, वेळ दोन तास. तालुक्यातल्या दुकानदाराने 70 रुपये दर दिला, तोही विकेल तसा. दोन महिन्यांत सहा विकले, चार परत आले. आले 420, सामानाचे गेले 160, उरले 260. काम 20 तासांचं. तासाला 13 रुपये पडले! एसटीचं भाडं त्यात धरलंच नाही. कर्ज घेतलं असतं तर हप्ता कुठून भरला असता? त्या पाच जणींची मी तेव्हाही माफी मागितली, आज सगळ्यांसमोर मागते.

हौसेने बाहुल्या जमवणारे लोक सुबक कामाला जास्त पैसे देतात, पण अशी गिऱ्हाईकं थोडी. पुढे कुणाला आख्खी बाहुली करून विकायची असेल तर लक्षात ठेवा, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून आधी नोंदणीचं बघा. आणि आपल्या पाकिटावर दुसऱ्या कंपनीचं नाव, चिन्ह टाकू नका.

मग हे सोडून द्यायचं का? मी सोडलं नाही. आक्कांनीही सोडलं नाही. ही तिसरी बाहुली त्यांची. हिच्या अंगावरचं लुगडं त्यांच्या आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्याचं आहे. एकीने 300 रुपये देऊ केले, आक्का म्हणाल्या, "ही विकायची नाही." साठी उलटलेली बाई, लहानपणी चिंध्यांचीसुद्धा बाहुली नव्हती त्यांना. आज संध्याकाळी चूल आवरली की अर्धा तास त्या हिच्यापाशी बसतात. सुनेला सांगून ठेवलंय, या वेळात मला हाक मारायची नाही.

आपल्या सभासद फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आहे. छंदाचा नाही. मी भरून घेताना कधी विचारलंही नाही. येत्या बैठकीत विचारणार आहे, तेव्हा "काही नाही" म्हणू नका. आणि ज्यांना हे शिकायचंय त्यांनी येताना घरातले विरलेले तुकडे आणा. सुई-दोरा आणि बाहुल्या मी आणते. शिकवायला आक्का आहेत.

एवढं बोलून थांबते.