बंद केलेला वायपर मध्येच का थांबतो?



आमच्या बचत गटाचा एक जुना टेम्पो आहे. नाचणीचे पापड आणि भाजी त्यातून बाजाराला जाते. रस्ता घाटाचा. गेल्या पावसाळ्यात वायपरची मोटार जळाली, म्हणून भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीची मोटार आणून बसवून घेतली. वायपर फिरू लागला. पण बटण बंद केलं की पातं काचेच्या मधोमध उभं राहायचं.

एका दिवशी पाऊस थांबला. गाडी चालवणाऱ्या ताईचा हात बटणावर आणि नजर पात्यावर, ते खाली आणण्यासाठी. तेवढ्यात वळणावर समोरून एसटी आली. ब्रेक लागला, खोकी पुढे आदळली, आम्ही वाचलो. त्या रात्री ठरवलं, या तारा आपणच समजून घ्यायच्या.

घरचा पंखा बंद केला की त्याची पाती कुठेही थांबोत, काही बिघडत नाही. वायपरला मात्र काचेच्या खालच्या कडेलाच जाऊन थांबायचं असतं. म्हणून मोटारीच्या आत, दातेरी चाकापाशी, आणखी एक छोटा स्विच असतो. गॅरेजवाले त्याला पार्किंग म्हणतात. आपण बटण बंद केलं तरी हा स्विच पातं जागेवर पोहोचेपर्यंत मोटारीला करंट देत राहतो. पातं पोहोचलं की करंट तोडतो आणि ती तार अर्थला जोडतो. तोच मोटारीचा ब्रेक.

आमच्या मोटारीला पाच तारा होत्या: अर्थ, हळू, जोरात, चावीवरून येणारा करंट आणि पार्किंगची परत तार. बटण मात्र दिवा लावायचं, साधं. बंद केलं की सगळंच तुटायचं, आणि परत तार नुसती लोंबकळत होती. मोटारीचा दोष नव्हताच!

मग तारा ओळखायच्या कशा? गाडी दुसरी, म्हणून रंगावर विश्वास ठेवला नाही. आधी बॅटरीची अर्थची क्लिप काढली, मोटार सोडवून बाहेर घेतली. फिरणाऱ्या दांड्यात बोट सापडलं तर चिरडतं, हे लक्षात ठेवा. अर्थची तार मोटारीच्या अंगाला स्क्रूने आवळलेली दिसत होती. ती बॅटरीच्या वजा टोकाला जोडली आणि अधिक टोकाची तार फ्यूजमधून घेऊन एकेकीला लावली. पहिल्याच तारेला फ्यूज उडाला. घाबरलो, पण तीच परत तार निघाली, कारण मोटार जागेवर असताना ती अर्थलाच जोडलेली असते. फ्यूज नसता तर वायर पेटली असती. नवा फ्यूज घातला. पुढच्या तारेवर मोटार हळू फिरली, त्यापुढच्या तारेवर जोरात. उरली ती करंटची.

शेवटी दोन वेगांचा खरा वायपर स्विच आणला. त्यात 'बंद' ठेवलं की परत तार आणि हळूची तार आतून एकमेकींना जोडल्या जातात. साध्या बटणात हीच जोडणी नव्हती. जोडणी गॅरेजवाल्या दादांनी केली. काय कुठे जोडायचं ते आम्ही सांगितलं. आता पातं आपलं आपण खाली जाऊन बसतं.

दोन गोष्टी तेवढ्या विसरू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका. आधी कारण शोधा. आणि मोटार घेताना तिचा स्विचही सोबत मागून घ्या.

जाता जाता एक. १९०३ साली अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं. आत बसून हाताने दांडा ओढायचा, की बाहेर पातं फिरायचं. तेव्हा कुणी म्हणालं, "गाडीच्या तारा बायकांचं काम नव्हे," तर त्याला एवढं सांगा.

पावसाळ्याआधी आपापल्या गटाच्या गाडीचा वायपर एकदा चालू करून बंद करा, आणि पातं कुठे थांबतं ते बघा.