वडिलोपार्जित जमीन आणि देशी झाडे

१९५० साली देशात वनमहोत्सवाची प्रथा सुरू झाली आणि १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. रस्त्यांच्या कडा, शाळांची आवारे, गायराने यांचा विचार या काळात पुष्कळ झाला. कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक झाडाची जी राखण घरच्या बांधावर होते, ती अन्यत्र होणे कठीण.

मग हे बांध उघडे का? रोपे मिळत नाहीत, हे उत्तर सोपे आहे, पुरेसे नाही. अडचण बहुधा घरातच असते. जमीन चार भावांची सामाईक. आज लावलेला आंबा उद्या कोणाच्या वाटणीस जाईल, याची शाश्वती नसते. शिवाय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सावली उत्तरेस पडते. उत्तरेच्या बांधावर झाड लावणाऱ्याचे स्वतःचे पीक उन्हात आणि शेजाऱ्याचा हरभरा सावलीत! भाऊबंदकीची कितीतरी भांडणे अशा सावलीत वाढली आहेत. म्हणून ज्या बांधाच्या उत्तरेस रस्ता, ओढा किंवा पडीक जमीन असेल, तो प्रथम निवडावा. झाड कोणाचे व फळ कोणाचे, हे खड्डा खणण्यापूर्वीच हिस्सेदारांनी एकत्र बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरील झाडांची नोंद शेतकऱ्याला स्वतः करता येते. पंचायत सदस्यांनी ही सोय घरोघर समजावून सांगण्याजोगी आहे.

दुसरी भीती कायद्याची. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आंबा, जांभूळ, मोह, हिरडा इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्यामुळे 'लावूच नये' असा सोयीस्कर निष्कर्ष काही जण काढतात. ज्याला लाकडाची गरज आहे, त्याने बाभूळ लावावी. फळासाठी लावलेला आंबा तोडण्याची घाई सहसा कोणालाच नसते.

गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. चिंचही मुळात आफ्रिकेची; पण तिला परकी म्हणण्याचे धाडस कोण करील? बांधासाठी कडुनिंब, करंज, बाभूळ, बोर आणि ओढ्याकाठी जांभूळ, उंबर, अर्जुन ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली आहेत. करंज व बाभूळ मुळांवरील गाठींद्वारे जमिनीला नत्र देतात. बाभळीचे लाकूड औतांना व गाडीच्या चाकांना चालते आणि शेंगा शेळ्यांना.

रोपवाटिकेची वाट पाहण्याचेही कारण नाही. कडुनिंबाच्या व जांभळाच्या बिया फार दिवस टिकत नाहीत. पावसाच्या तोंडाशी पिकलेली फळे वेचून ताज्या बियाच पेराव्यात. शाळेतील मुलांना हे काम आनंदाचे वाटेल. बाभळीचे बी कठीण कवचाचे. शेळ्यांच्या पोटातून गेल्याने ते कवच मऊ होते. म्हणून जाणते शेतकरी ते शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करतात.

खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत. खरी कसोटी लागते ती पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात बसविलेले मडके रोपाशेजारी पुरावे व वर झाकण ठेवावे. पाणी मुळाशी झिरपत राहते. ते मडके कोणी भरायचे, हेही हिस्सेदारांच्या त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.